मालिनीकाकूंचा होकार

टेक्सासमधल्या प्लेनो शहरातल्या मराठी लोकांनी एल्डर जेन्सनला पहिल्याच महिन्यात बुचकळ्यात टाकलं. त्याचं खरं नाव कुश. बाप यूटाचा मॉर्मन, आई शैलजा साताऱ्याची, आणि नाकडोळे सगळे आईवर गेलेले. मॉर्मन चर्चमधली पोरं विशीच्या आसपास दोन वर्षं घरदार सोडून धर्मप्रसाराला जातात. तेवढा काळ त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही, आडनावाआधी एल्डर लावतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी आणि चोवीस तास बरोबर एक जोडीदार. कुशचा जोडीदार होता एल्डर पोर्टर. आयडाहोच्या बटाट्याच्या शेतातला, उंच, उन्हाने लालबुंद झालेला, आणि इतका सरळ की त्याला थट्टासुद्धा समजावून सांगावी लागे.

इतरांच्या घरी बेल वाजवली की दारावरच्या कॅमेऱ्यातूनच नकार यायचा. त्याचं दोघांना काही वाटेनासं झालं होतं. मराठी घरांत मात्र कुशचा चेहरा बघून दार उघडायचं आणि छातीवरची पाटी वाचून तोंड उघडं राहायचं. एका गृहस्थांनी तर सरळ विचारलं, "अरे, आपल्यातला ना तू?" यावर काय बोलायचं ते ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. कुश "हो" म्हणाला, मग "नाही" म्हणाला, आणि शेवटी "थँक यू" म्हणून जिना उतरला.

मालिनीकाकूंनी तसलं काही विचारलं नाही. "एल्डर? धड मिसरूड फुटलेलं नाही आणि म्हणे वडीलधारे!" असं म्हणून त्यांनी दोघांना आत घेतलं, बूट काढायला लावले, धर्मात चहाकॉफी चालत नाही म्हटल्यावर कोकम सरबत पुढे केलं. घरात एकट्या बाईशी बोलत बसायचं नाही असा या पोरांचा नियम. त्यामुळे राजारामकाकांना बोलवावं लागे. ते आयटीतले मॅनेजर, घरूनच काम करायचे. लॅपटॉप घेऊन सोफ्याच्या टोकाला बसायचे आणि मीटिंग म्यूट करून अधूनमधून "व्हेरी गुड" म्हणायचे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. प्रार्थनेला डोळे मिटले, दिलेलं पुस्तक वाचलं, काठापदराची साडी नेसून रविवारी चर्चलाही येऊ लागल्या. आणि त्या मंगळवारी पोर्टरने घसा साफ करून विचारलं, "तुम्ही बाप्तिस्मा घ्याल का?" तर कोशिंबीर वाढू का म्हटल्यासारख्या सहज म्हणाल्या, "येस, व्हाय नॉट?"

शनिवार ठरला. गाडीत बसल्यावर पोर्टर स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला. पुढच्या महिन्यात त्याची दोन वर्षं संपत होती आणि त्याच्या हातून एकाही माणसाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. घरी बापाला काय तोंड दाखवू, हे तो झोपेत बडबडत असे. कुशने त्याची पाठ थोपटली. त्यालाही आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तसला सहज होकार त्याने लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकला होता.

आई दर रविवारी त्याच्या आणि बाबांबरोबर चर्चला यायची. दुसऱ्या रांगेत बसून बेसूर गायची, सामुदायिक जेवणाला साबुदाण्याची खिचडी न्यायची, कोणी आजारी पडलं तर आधी पोचायची. बाप्तिस्मा मात्र तिने घेतला नव्हता. मॉर्मन लोक मानतात की देवळात विधिपूर्वक बांधलं गेलेलं कुटुंब मेल्यानंतरही एकत्र राहतं. बाप्तिस्म्याशिवाय ती बांधणी होत नाही, म्हणून आई तिच्यात नव्हती. लग्नाआधी बाबांनी एकदा विचारलं होतं, ती हसली होती, मग विषय मिटला. कुशसाठी मात्र तो कधीच मिटला नाही. मेल्यावर आई कुठे असेल, या विचाराने तो लहानपणी उशीत तोंड खुपसून रडायचा. मिशनला आला तोही त्याचसाठी. दोन वर्षं परक्यांना विचारून धीर आला की घरी जाऊन आईला विचारायचं. ती नाही म्हणेल, एवढीच त्याला भीती होती.

बुधवारी त्याने पोर्टरला विचारलं, "काकूंना नीट कळलंय ना रे?"

"मी तीन वेळा सांगितलं, बाकीचे देव सोडावे लागतील. तिने मान हलवली."

"आमच्याकडे मान हलवली म्हणजे ऐकतेय, एवढंच."

"आमच्याकडे?" पोर्टरने निरागसपणे विचारलं.

गुरुवारी ते काकूंच्या बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या कपड्यांचं माप घ्यायला गेले. पोर्टर टेप उलगडत होता तेवढ्यात कुशची नजर देवघराकडे गेली. त्यांनी दिलेला येशूचा फोटो गणपती आणि अन्नपूर्णेच्या मधोमध मांडलेला होता. त्याला गंध लावलेलं, वर जास्वंदीचं फूल. कुश मराठीतच बोलला. "काकू, शनिवारनंतर हे बाकीचे देव पुजायचे नाहीत, माहितीये ना तुम्हाला?"

"पुजायचे नाहीत म्हणजे?" काकू हसल्या. "मग मी रोज सकाळी करू काय? अरे, तुमचा देव आलाय की घरात. त्याला काही कमी पडू देणार नाही मी."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. उत्तर काकांनी दिलं. "अरे, क्वार्टर-एंडला काय होतं ते मला विचार ना. टार्गेट नाही झालं की पोरांची तोंडं बघवत नाहीत. हिच्या लक्षात आलं की त्या लाल पोराचा स्कोअर झीरो आहे. म्हटलं, एक आपल्याकडून. अप्रेझलला कामी येईल."

"आमचा सत्यजित तिकडे ॲन आर्बरला एकटा आहे," काकू हळूच म्हणाल्या. "त्यालाही कोणीतरी दारात उभं करत असेलच ना? उन्हातून आलेल्या पोराला नाही कसं म्हणायचं, बाबा? आणि पाण्यात एक बुडी तर मारायची."

भीड भिकेची बहीण म्हणतात, पण या भिडेत इतकी माया होती की कुशला रागावताही येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. असा होकार चालत नाही, तो श्रद्धेने द्यावा लागतो, असं त्याने काकूंना समजावलं. बोलताना आपलेच शब्द त्याला कोरडे वाटत होते. काकूंचा चेहरा पडला. पोर्टर दोघांकडे आळीपाळीने बघत होता. कुशने त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. पोर्टरने टेप गुंडाळला, सरबताबद्दल आभार मानले आणि बाहेर जाऊन बूट घातले.

दोघं गाडीत बसले. हायवेला लागल्यावर पोर्टर म्हणाला, "तू विचारलं नसतंस तर?"

"शनिवारआधी चर्चची माणसं काकूंची मुलाखत घेतात. त्यात कळलंच असतं."

"कदाचित कळलं नसतं," पोर्टर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच कुशला सोसलं नाही.

शनिवारी बाप्तिस्म्याऐवजी दोघांनी चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगणातलं गवत कापलं. रविवारी काकू येणार नाहीत अशी कुशची खात्री होती. तर त्या आल्या, तीच साडी, हातात डबा. "तुझ्या मित्राला सांग, माझ्यावर रागावू नकोस म्हणावं. थालीपीठं आणलीयेत." मग प्रवचन संपेपर्यंत शांतपणे बसून राहिल्या. यांना श्रद्धा नाही, तर या आल्या कशाला? आणि श्रद्धा याहून वेगळी असते तरी कशी? कुशने प्रार्थना करून पाहिली. प्रार्थनेत उत्तर येतं असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. त्याला काही आलं नाही.

सोमवार म्हणजे सुट्टी, कपडे धुणं आणि घरी फोन. लाँड्रीत वॉशिंग मशीन घरघरत होतं, पोर्टर शेजारी बसून मोजे जोडत होता. कुशने आईला काकूंची गोष्ट सांगितली. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. स्क्रीनवरची आई हसली नाही.

"चुकलं काय रे तिचं?"

"आई, असं कोणासाठी म्हणून घ्यायचं नसतं ते."

"बरं." तिने थोडा वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "परक्या बायकांना विचारत फिरतोस. मला कधी विचारणारेस?"

कुशला वाटलं, मशीन बंद पडलं. "विचारलं तर काय म्हणशील?"

"हो म्हणेन."

"पटलंय तुला?"

"तुला हवंय ना? लहानपणी रडायचास त्यासाठी, मला काय ऐकू येत नव्हतं? बाबा विचारून थांबला, तुला धीर होईना. मी वाट बघत बसले. आणि मी मेल्यावर तुम्ही माझ्या नावाने बाप्तिस्मा करणारच की. तुमच्यात तशी सोयच आहे. त्यापेक्षा मी आहे तोवर, तुझ्या हातून होऊ दे."

गुरुवारी जे काकूंना समजावलं होतं, ते सगळं त्याच्या जिभेवर होतं. एकेक वाक्य पाठ होतं. इतकी वर्षं आई नाही म्हणेल म्हणून तो घाबरला होता. ती हो म्हणाली तर काय, याचा विचारच त्याने केला नव्हता. समोर आईचा चेहरा होता, आणि त्याला ती हवी होती, कायमची, कशीही.

"मी घरी आलो की करू, आई," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याचे डोळे वाहत होते. पोर्टरने मोजे बाजूला टाकले. "काय झालं? घरी सगळं ठीक ना?"

"आई बाप्तिस्मा घेणारे."

पोर्टरने ओरडून त्याला मिठी मारली, इतकी घट्ट की शेजारच्या बाई वळून बघायला लागल्या. स्वतःचं दुःख तो पार विसरून गेला होता. मग एकदम थांबला, हात कुशच्या खांद्यांवर तसेच ठेवून त्याने विचारलं, "मनापासून म्हणाली ना?"

"मनापासून," कुश म्हणाला, आणि मान खाली घालून मोजे जोडायला लागला.