सुजाताने अकोट सोडलं त्या दिवशी

सकाळच्या वेळी तालुक्याची माणसं जिल्ह्याला येत असतील, असा माझा समज होता. अकोल्याच्या स्टँडवर तो उलटा ठरला. अकोटच्या एसटीत शिक्षक, बँकेतले कारकून, तहसिलीतले बाबू मांडीवर डबे घेऊन बसले होते.

"तुमी बी अप-डाउनवाल्या काय?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"नाही, मैत्रिणीकडे चाललेय. डॉक्टर आहे. तिथेच राहते."

"तिथंच राहते?" बाईंना नवल वाटलं.

सुजाता आणि मी नागपूरच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. अकोटला तिचा बाळंतपणाचा लहानसा दवाखाना. वरच्या मजल्यावर ती एकटी. नवरा आणि मुलगी अकोल्याला, जठारपेठेत. आज तीही तिकडे राहायला जाणार होती. उद्यापासून तीही रोज ये-जा करणार. सामान बांधायला म्हणून मी साताऱ्याहून आले होते.

पूर्णा ओलांडली, तसं काळं रान लागलं. बोंडं फुटलेली होती. पुढे केळीच्या बागा आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. इतकं देखणं गाव सोडून लोक संध्याकाळी पळतात कशाला, असं मनात आलं.

दुपारी सुजाताने पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) वाढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तशी ती हसली. मग हळूच म्हणाली, "मुलगी मला पाहुणी समजते गं. गेले की चहा घेणार का, म्हणून विचारते."

आम्ही भांडी बांधत होतो, तेवढ्यात शबाना आणि तिची सासू तपासणीला आल्या. शबानाला आठवा महिना होता. सगळं ठीक होतं. निघताना सासू दारात थांबली.

"मॅडम, तुमी चालल्या म्हंतेत. खरं हाय काय?"

"रोज येईन ना मी. पाचपर्यंत असेन."

"अन् पाचानंतर आमी कुठी जाव?"

सुजाताने तिचा हात धरला. "माझी मुलगी तिकडे आहे हो," ती म्हणाली.

संध्याकाळी गाडी भरून आम्ही निघालो. पूर्णेच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा तिने पर्समधला फोन पाहिला. शबानाच्या सासूने कितीदा तरी लावला होता. उलट लावला तर लागेना. सुजाताने चहा तसाच ठेवला आणि गाडी वळवली.

दवाखान्यासमोर शेजारचा दुकानदार धावत आला. "तिले कळा आल्या अचानक. वाट पायली, मंग जीपमंदी घालून अकोल्याले नेलं."

म्हणजे वाटेत कुठेतरी त्यांची जीप आमच्या समोरून गेली होती.

पुन्हा तोच रस्ता. पुलापलीकडे ती जीप कडेला उभी दिसली. बाळ झालं होतं, पण रडत नव्हतं. सुजाता आत चढली. मी बाहेर सासूला धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने एक बारीकसा आवाज आला, आणि ती बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. तिथून थेट अकोल्याचा दवाखाना, काचेची पेटी. जठारपेठेतल्या नव्या घरी आम्ही पोचलो, तेव्हा मुलगी दारात उभी होती. सुजाता तिला बिलगली.

मी साताऱ्याला पोचले त्या दिवशी तिचा फोन आला. बाळ गेलं.

तिने अकोट सोडायला नको होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुलीलाही आई हवीच होती. एवढ्या गावाने दिवस कलल्यावर एकाच बाईवर विसंबावं, याचं मात्र वाईट वाटत राहतं.

परवा तिचा पुन्हा फोन आला. शबाना तपासणीला आली होती.

"मी माफी मागणार होते गं," सुजाता म्हणाली. "त्याआधी तीच बोलली. 'मॅडम, तुमची पोरगी खुश हाय ना आता?'"