कडू लागला का पोचला

धवलारीण मावशीचा विश्वास एकाच अवयवावर होता, गळ्यावर. येणारा ताप, भाजीतलं मीठ, समोरच्याचा खोटेपणा, सगळं तिला म्हणे गळ्यात कळायचं. "मना गल्यात कलतंय," म्हणाली की वाद संपला. आमच्या आगरी लग्नात देवांना आणि पितरांना धवला गाऊन बोलावण्याचं काम तिचं. तळोज्याकडच्या गावांत कारखाने आले, टॉवर आले, हळदीला डीजे आला. पण मावशीचा धवला संपेपर्यंत डीजेवाले मुकाट बसून राहायचे.

गाण्याआधी ती नवरीचं तोंड न्याहाळायची. "तोंड बगल्याबिगर सबूद येत नाय," म्हणायची. माझ्या हळदीत इतका वेळ बघत बसली की मी वैतागले. मग जे गायली त्यात माझ्या कपाळावरचा वणसुद्धा आला. आई पदरात तोंड घालून रडली.

या मावशीला काचबिंदू झाला. पनवेलच्या डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली या थेंबांनी टिकेल. मावशीने थेंब कधी चुकवला नाही. पण डोळ्यात औषध राहणं हेच मुळात कठीण. हात हलतो, पापणी आधीच मिटते, अर्धं औषध गालावरून वाहून जातं. आत पडलेलंही डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात आणि तिथून घशात उतरतं. म्हणून थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा असतो. दवाखान्यातल्या मुलीने तिला घाईघाईत ते दाखवलंही होतं. मावशीने घरी करून पाहिलं आणि सोडून दिलं.

"दाबला तं गल्यात कायच येत नाय," ती सुनेला म्हणाली. "कडू लागला का समजायचा, पोचला."

झालं. घशात कडू लागेपर्यंत ती थेंब घालत राहायची. बाटली लवकर संपायची, सून नवी आणायची आणि सासू औषधाची किती पक्की आहे ते कौतुकाने सांगायची. मग एका हळदीत मावशीला धवल्याच्या मध्येच दम लागला. पुढच्या हळदीतही लागला. "म्हातारी झालो आमी," म्हणून तिने विषय संपवला.

पुढच्या तपासणीला मी सोबत गेले. मॅडम बराच वेळ यंत्रातून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशी, थेंब कसा घालता, मला करून दाखवा."

मावशीने मान मागे टाकली, थेंब घातले, आवंढा गिळला आणि समाधानाने म्हणाली, "आला, गल्यात आला."

मॅडमनी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. गळ्यात आलं ते डोळ्यातून गेलं, आणि ते रक्तात उतरल्याने दमही त्यानेच लागत होता, हे त्यांनी हळू आवाजात समजावलं. डावा डोळा संपला होता. उजव्यात थोडा उजेड उरला होता. मला भयंकर राग आला, कोणाचा ते ठरवता येईना.  रिक्षात रोडपालीजवळ मावशी एवढंच म्हणाली, "गल्यानी फसवला मना."

औषध बदललं. संध्याकाळी सून कामावर असते, म्हणून थेंब घालायला मी जाते. हनुवटीखाली बोट लावून तिचं तोंड वर करते, थेंब घालते, कोपरा दाबून धरते. ती रोज विचारते, "कडू नाय लागला. पोचला ना गो?"

"पोचला, मावशी."

गाताना दम लागणं मात्र थांबलं. माझ्या मुलीच्या हळदीला ती हट्टाने आली. "पोरीचा तोंड कसा हाय, सांग मना," म्हणाली. मला सुचेल तसं मी सांगितलं. तिने पूर्वीसारखा खणखणीत आवाज लावला. नवरी तिच्या उजवीकडे बसली होती आणि मावशी डावीकडच्या भिंतीकडे बघून गात होती.  मला राहवलं नाही. तिचं तोंड लेकीकडे वळवावं म्हणून मी तिच्या हनुवटीखाली बोट लावलं.

मावशी गाता गाता थांबली. तिने मान मागे टाकली, दोन्ही डोळे मोठे उघडले आणि थेंबाची वाट बघत राहिली.