शुभांगीने ठेवलेला मासा

शुभांगी गेल्याची बातमी मला मेघनाने दिली. मार्चमधला शनिवार होता, सकाळी साडेसातला फोन वाजला आणि ती म्हणाली, "काकू, शुभांगी गेली. पहाटे, झोपेतच..." पुढे तिला बोलवेना. अशा वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली, पायाखालची जमीन सरकली असं लोक लिहितात. माझं तसं काही झालं नाही. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हिला माझ्या आधी कसं कळलं? अठ्ठावीस वर्षांची मैत्री माझी. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमध्ये आमची दारं समोरासमोर होती, तिच्या मुलाला ताप चढला की मी धावायचे, माझा मुलगा तिच्याकडे वरणभात जेवून मोठा झाला, आणि चार वर्षांपूर्वी उगवलेली ही मुलगी मला फोन करून सांगते. तेही "शुभांगी" म्हणून. मेघना अडतीस वर्षांची, शुभांगी एकसष्ट, पण ती तिला खुशाल नावाने हाक मारायची आणि मी मात्र काकू. रडू आलं ते नंतर, चहाचं आधण ठेवताना. आधी मत्सर आला, रडू मागाहून. हे लिहायला बरं वाटत नाही, पण शुभांगीबद्दल लिहायचं आणि हे वगळायचं म्हणजे निम्मी मैत्रीच वगळल्यासारखं होईल.

शुभांगी मूळची नागपूरची. इथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिने सव्वीस वर्षं नोकरी केली. घर कडक शाकाहारी, इतकं की वाढदिवसाचा केक आणला तर त्यात अंडं नाही ना, हे ती डब्यावर चष्मा लावून वाचायची. मी वेंगुर्ल्याची. मला मासा ताजा आहे की कालचा हे दुकानाच्या दारातून कळतं. त्यामुळे मासे पकडणं हा प्रकार आमच्या दोघींत कोणाचा असायला हवा होता, हे सांगायला नकोच. आणि तो आधी माझाच होता. नऊ वर्षांपूर्वी लायब्ररीच्या फळ्यावर मी एक कागद पाहिला. फक्त बायकांसाठी, फ्लाय फिशिंगचा मोफत वर्ग, शाळेच्या मैदानावर, चार शनिवार. मी तिला ओढून नेलं. "मी येऊन काय करू बाप्पा? मला तर मासा बघवत नाही," असं म्हणत ती केवळ सोबत म्हणून आली.

या प्रकारात गळाला आमिष नसतं. पिसं आणि केस बांधून केलेला एक खोटा मासा असतो, त्याला फ्लाय म्हणतात. तो इतका हलका असतो की तो फेकताच येत नाही, फेकायची असते ती काठीला, म्हणजे रॉडला लावलेली जाड दोरी. त्या फेकीला कास्ट म्हणतात. ती आधी पाठीमागे जाऊ द्यायची, हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे सोडायची. मैदानावर फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून आम्हाला शिकवत होते. माझी दोरी पहिल्या दिवशी माझ्याच गळ्यात पडली, दुसऱ्या दिवशी चष्म्यात अडकली. शुभांगीची दोरी मागे गेली, क्षणभर हवेत थांबली आणि दोघींनी दोन टोकं धरून झटकलेल्या साडीसारखी पुढे पसरली. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईंनी तिला विचारलं, "तू हे आधी केलंयस ना?" तिने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. घरी येताना गाडीत मला म्हणाली, "काही नाही गं, थांबायचं असते फक्त. तू घाई करून राहिली." ते खरं होतं म्हणूनच मला फार लागलं. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती त्या दिवसापासून.

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही जवळच्या समुद्रावर, रॅरिटन बेवर जायला लागलो. छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं. पाणी असं गार की रबरातूनही पाय बधिर व्हायचे. ओढून घेतलेली दोरी पायात गुंतू नये म्हणून कमरेला टोपली बांधतात. ती दुकानात मिळते, पण शुभांगीने घरातलं प्लास्टिकचं घमेलं आणलं, त्याला भोकं पाडली आणि ताणणाऱ्या बंजी कॉर्डने पोटावर बांधलं. किनाऱ्यावरचे मोठमोठे अमेरिकन बाप्ये आधी हसले, मग महिन्याभराने त्यांतल्या दोघांच्या पोटावर तशीच घमेली दिसली. पहिला मासा तिलाच मिळाला, स्ट्रायपर, अंगावर काळे पट्टे असलेला, हातभर लांब. तिने त्याला पाण्यातच धरलं, खालचा ओठ अंगठ्याने पकडून, तो दम घेईपर्यंत. मग त्याने शेपटी मारली आणि गेला. मी ओरडलेच, "अगं सोडलास कशाला?" तर म्हणते, "मग काय करू त्याचं? वरणात घालू?" त्या मोसमात तिने बारा मासे पकडले आणि बारा सोडले. मला एकही लागला नाही. एक लागला आणि सुटला, असं मी लोकांना सांगायचे. तेही खोटंच होतं.

मे महिन्यात तिथे ब्लूफिश येतात. ते टोळीने येतात, पाणी उकळल्यासारखं होतं आणि लहान मासे जीव घेऊन किनाऱ्यावर उड्या मारतात. त्यांचे दात असे की बोट गेलं की गेलंच, म्हणून फ्लायच्या आधी तारेचा तुकडा बांधावा लागतो. शुभांगीला पहिला ब्लूफिश लागला तेव्हा मात्र मी गप्प बसले नाही. तिने तो वाळूवर आणताच मी दगड उचलला, त्याच्या डोक्यात घातला आणि म्हटलं, "हा माझा. याचं आज कालवण." तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता ही रॉड टाकून घरी जाणार. खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मला आवडलं असतं. पण ती माझ्याशेजारी वाळूत बसली आणि लॅबमध्ये विचारावं तशी विचारू लागली, "हा चांगला राहण्यासाठी काय करायचं असते?" मी दाखवलं. कल्ल्याखाली कापायचं, समुद्राच्या पाण्यात रक्त जाऊ द्यायचं, लगेच बर्फात घालायचं. तिने नाकाला रुमाल लावून सगळं पाहिलं.

तिसऱ्या वर्षी मी जाणं सोडलं. गुडघा दुखतो असं सांगितलं. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. तिची दोरी ज्या सहजतेने जायची ते शेजारी उभं राहून बघणं मला झेपेना. तिने एकदाही खोदून विचारलं नाही, पण त्यानंतर दर मे महिन्यात, कामावर जायच्या आधी, माझ्या मागच्या पायरीवर एक कूलर ठेवलेला असायचा. आत बर्फात ब्लूफिश, रक्त नीट काढलेला, पोट साफ केलेलं. अंड्याचा केक घरात न आणणारी बाई, पहाटे समुद्रावर एकटीने सुरी चालवायची ते माझ्यासाठी. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं. मी थँक यू म्हणायचे आणि मनात म्हणायचे, मुद्दाम मला दाखवतेय.

मग मेघना आली. पुण्याची, आयटीमधली, एकटी राहणारी. मराठी मंडळाच्या सहलीत शुभांगीच्या गाडीत तिने रॉड पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात दोघी पाण्यात. मला कळलं ते ग्रुपवरच्या फोटोवरून. मेघनाच्या हातात स्ट्रायपर, शुभांगीचा हात तिच्या खांद्यावर, आणि खाली बावीस जणांचे अंगठे. मी एकविसावी अंगठा देणारी. त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने विचारलं, "भाजी करपली का?" तर मी त्याच्यावर एवढी कडाडले की तो जेवण सोडून उठला.

दोन वर्षांपूर्वी शुभांगीचं दुखणं निघालं. पोटाचा कॅन्सर. मी झटले, हे मला सांगितलं पाहिजे. केमोच्या दिवशी गाडी माझी, पेज माझी, उशाशी बसणं माझं. मला वाटलं, आता ती पुन्हा माझी झाली. इतका वाईट विचार येऊन गेला माझ्या मनात, आणि एकदा नाही, पुष्कळदा. आणि मग गेल्या वर्षीचा एप्रिल उजाडला, तिचं वजन पंधरा किलोने उतरलेलं, आणि ही बाई मेघनाबरोबर समुद्रावर जायला लागली. मला न सांगता. मी तिच्या घरी पेज घेऊन गेले तर अविनाश, तिचा नवरा, दारातच म्हणाला, "ती बेवर गेली आहे, रेखाताई." हातात गरम डबा घेऊन मी तिथेच उभी...

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं. आडून नाही, सरळच. "मला का नाही म्हणालीस? मी नसते आले? काठावर खुर्ची टाकून बसले असते."

ती म्हणाली, "राग नको मानू. तुझ्यासमोर मला पेशंट राहावं लागते, यार. तू बघतेस ना, किती खाल्लं, किती वाळली, हात थरथरतो का. मेघना फक्त बघते की कास्ट कुठे पडला. वाईट पडला तर म्हणते, शुभांगी, बकवास."

मी डबा उचलून घरी आले आणि बारा दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्याकडे एक वर्षही उरलं नव्हतं, आणि त्यातले बारा दिवस मी रुसण्यात घालवले. त्या वर्षीही मे महिन्यात मागच्या पायरीवर कूलर आला. त्यावरून आम्ही पुन्हा बोलायला लागलो, झालेल्या गोष्टीचा विषय दोघींनी काढला नाही. पण "तुझी सगळ्यात जवळची मी की ती?" हा शाळकरी मुलीसारखा प्रश्न माझ्या घशात अडकला तो अडकलाच. शेवटच्या आठवड्यात, तिचा हात हातात असतानाही, मला तोच विचारायचा होता. विचारला नाही. तेवढी लाज शिल्लक होती.

शोकसभेत मेघना बोलली. चांगलं बोलली, हसवलंही. तिला कशी कशी शुभांगी भेटली ते सांगत होती, ओहोटीच्या वेळा पाठ असलेली, मासा सुटला की नागपुरी शिव्या घालणारी. अठ्ठावीस वर्षांत मी तिच्या तोंडून एक शिवी ऐकली नव्हती. नंतर अविनाशने तिचा रॉड आणि फ्लायचे डबे मेघनाला दिले, शुभांगीनेच तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. मी सहा वर्षांत रॉडला हात लावला नव्हता, तो घेऊन मी काय करणार होते? तरी तो मेघनाच्या गाडीत जाताना बघून मी तोंड फिरवलं.

तीन आठवड्यांनी अविनाशचा फोन आला. गॅरेजमधला छोटा फ्रीझर रिकामा करायचा होता, "त्यात तुमचं काहीतरी आहे, मला त्याला हात लावणं जमत नाही." मला तो फ्रीझर ठाऊकच नव्हता. माशाचा वास घरात नको म्हणून तिने गेल्या वर्षी तो गॅरेजमध्ये आणून ठेवला होता. उघडला तर आत एकच पाकीट, हवा काढून बंद केलेलं, वर तिच्या लॅबमधल्या सवयीची नीट चौकोनी चिठ्ठी. "रेखा. पुढच्या मे महिन्यासाठी." आत ब्लूफिशचे दोन मोठे काप. मला आधी संतापच आला. या बाईला मी शंभरदा सांगितलं होतं की हा तेलकट मासा आहे, त्याच दिवशी खायचा, फ्रीझरमध्ये ठेवला तर महिन्याभरात खवट होतो. तिच्या सगळं ध्यानात राहायचं, नळ्यांवरची नावं, ओहोटीच्या वेळा... मग हेच कसं राहिलं नाही? गॅरेजच्या थंड फरशीवर उभी राहून हा प्रश्न मी दोनदा विचारला आणि मग मला कळलं की तिला चांगलं माहीत होतं. पुढच्या मेमध्ये ताजा आणून द्यायला ती नसणार, हेही माहीत होतं. मी पाकीट पदराखाली धरल्यासारखं स्वेटरखाली धरून गाडीत नेलं. अविनाशला वाटलं असेल, ही रडतेय म्हणून वाकून चालतेय.

मे उजाडेपर्यंत ते मी जपलं. गेल्या आठवड्यात सकाळी मेघनाचा फोन आला, वाऱ्यात ओरडत होती. "काकू, ब्लूज आलेत! एक तुमच्यासाठी ठेवलाय. लगेच ब्लीड केला, शुभांगीने शिकवलं तसं. ड्राइव्ह करून तासाभरात आणून देते." शुभांगीला कोणी शिकवलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी एवढंच म्हटलं, "नको. माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे? कुठून आणलात?"

मी सांगितलं. वारा तेवढा ऐकू येत राहिला. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "काकू... आम्ही शेवटचं गेलो त्या दिवशी तिला तो एकच लागला होता. शेवटचा. मी येऊ का जेवायला? एक पीस फक्त."

मी नाही म्हटलं. पुरणार नाही, म्हटलं. फोन ठेवला आणि पाकीट कापलं. ओलं खोबरं, तिरफळं, कोकम, सगळं नेहमीपेक्षा जास्त घातलं, तरी वास लपेना. नवऱ्याने उठून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मासा पिठूळ झाला होता, खवट होता, जिभेवर तेलाचा कडूपणा राहत होता. असा मासा वेंगुर्ल्यात मांजरापुढेही कोणी ठेवला नसता. चौघांना सहज पुरला असता एवढा होता. दोन दिवस दोन्ही वेळा मी एकटीने तो खाल्ला, आणि कोणाला चवसुद्धा घेऊ दिली नाही.