गुलाबी धाग्याची गाठ

"गावात गुलाबी धागा काय तू एकटीच वापरतेस?" नवरा पेपराआडून म्हणाला.

"धागा कुणीही वापरेल. गाठ माझी आहे."

टेबलावर ताटलीत पाण्यातलं एक झुबकेदार झाड निथळत होतं. मुळाशी गोटा, गोट्याला गुलाबी वेढे.

जन्मभर तिनं लोकांचे कपडे शिवले. गुडघे बोलायला लागले तसं मशीन बंद केलं, पण हाताला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. मग दर रविवारी होडीवाल्याबरोबर तळ्यात जायला लागली. दोरीला बांधलेलं दाताळं पाण्यात फेकायचं, ओढायचं, वर आलेल्यात बाहेरून घुसलेलं, तळ्याचं नसलेलं झाडझुडूप काही आहे का बघायचं, असलं तर तळ्याच्या ऑफिसला कळवायचं. नणंद त्याला बिनपगारी चाकरी म्हणायची.

आज दाताळ्याला हे झाड आलं. दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीत ते तरंगू नये म्हणून तिनंच गोट्याला बांधलं होतं. टाकी घासून वैतागली तेव्हा म्हणाली होती, "एक तर ही राहील, नाही तर मी." मग नवऱ्यानं टाकी घराबाहेर नेली होती.

"टाकी मित्राला दिली म्हणालात ना?" तिनं आता विचारलं.

"काच दिली. मासे काय गटारात ओतू? झाडासकट तळ्यात सोडले. जिवंत सोडले!"

"वहिनी, चार पानांसाठी घर डोक्यावर घेतलंस," सोफ्यावरून नणंद म्हणाली.

"चार? वन्सं, धक्क्याजवळ पाण्याखाली याचंच रान माजलंय."

ती उठली. खिडकी उघडली, लावली. ताटली ओट्यावर नेली, परत आणली. तिला पुन्हा पुन्हा होडीवाला दिसत होता. सकाळी झाड बघून त्याचा चेहरा पडला होता. ऑफिसचा पहिला संशय दुसऱ्या तळ्यांत फिरून आलेल्या होड्यांवर जातो. त्याच्या दोन्ही होड्या तशाच; त्या बांधून ठेवतील.

"कळव की," नवरा म्हणाला. "आपलं नाव कशाला? होडीला चिकटून आलं असेल म्हणतील."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," नणंद बोलून गेली, आणि भावाकडे बघून तिनं जीभ चावली.

पेपर खाली आला. "तळ्यावर सकाळी फिरायला येणारे काय म्हणतील मला?"

तिच्या येरझाऱ्या थांबल्या.

"उद्या ऑफिसात सांगतेय. झाड आमच्या टाकीतलं, हेही. रविवारपासून दाताळं तुम्ही ओढायचं. वन्सं, निघालेलं भरायला तुम्ही काठावर पोती धरायची."