पाणकोटातली भरती

यजमानांना बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा ऐंशीच्या सुमारास आम्ही साताऱ्याहून तिकडे बिऱ्हाड हलवलं. पुढच्या हिवाळ्यात सासूबाई महिनाभरासाठी आल्या. साठी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून एका रविवारी त्यांना केळव्याला नेलं.

ओहोटी होती. एरवी पाण्यात उभा असलेला तिथला छोटा पाणकोट चालत जाता येईल असा उघडा पडला होता. सासूबाईंनी नऊवारीचा ओचा वर खोचला आणि चपला हातात घेऊन चिखलातून निघाल्या. आम्ही मागोमाग. कोटाचं दार इतकं बुटकं, की जवळजवळ रांगतच आत शिरलो. तटावर बसून भाकरी-पिठलं खाल्लं.

खालच्या खडकांवर एक बाई कालवं फोडत होती. टोपली उचलताना ती म्हणाली, "भरती लागली हाय. आता नाय निघालात तर आडकून पडाल."

यजमान लगेच उठले. सासूबाई हलल्या नाहीत. एवढ्या लांब येऊन समुद्र अर्धाच बघायचा का, असं त्यांचं म्हणणं. यजमान समजावत राहिले आणि तेवढ्यात वाट बुडाली.

मी रडायच्या बेतात होते. सासूबाईंचा मला धाकच वाटायचा, पण त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगू लागल्या. अवकाळी पावसानं नदीला पूर आला आणि वऱ्हाड दोन दिवस पलीकडच्या काठावर अडकलं. घरचे सगळे काळजीत.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी अकरा वर्षांची. वऱ्हाडासाठी केलेले लाडू खात बसले. नवरा आला नसता तरी चाललं असतं मला."

मी इतकी हसले, की पलीकडे किनाऱ्याकडे बघत उभे असलेले यजमान वळून पाहू लागले.

ऊन कलल्यावर एक होडी आली. कालवंवाल्या बाईनं आपल्या नवऱ्याला पाठवलं होतं. सासूबाई आधी जरा नाराजच झाल्या, पण होडी हलायला लागली तशा माझा हात घट्ट धरून भोवतालच्या पाण्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारणींना त्यांनी सांगितलं, की मुलगा घाबरला, पण सून माझ्याबरोबर बसून राहिली. ते काही खरं नव्हतं, घाबरले तर मीही होते. मी शेजारणींना चहा आणून दिला. महिनाभरासाठी आलेल्या सासूबाई त्या वर्षी होळीपर्यंत राहिल्या.