पंपात साधं पाणी

आमच्या ह्यांना देवानं दोन डोळे दिले ते दुसऱ्यांवर नजर ठेवायला. दुधात पाणी असणार, तराजूत खोट असणार, माझ्या फोनवर कुणाची तरी चहाडी चालली असणार. कुलूप लावलं की ओढून बघायचं, चार पावलं जाऊन परत यायचं, पुन्हा ओढायचं. माणूस कष्टाचा, ही रोपवाटिका त्यांनीच उभी केली, ते काही मी नाकारत नाही. पण संसार करताना जीव नकोसा होतो.

मध्यंतरी त्यांच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं. वाफ्यांमधल्या वाटांवर गवत माजतं, त्यावर तणनाशक मारायचं काम ह्यांचं. हातात धरायचा छोटा पंप, तो औषध कालवून भरून द्यायचं काम धाकट्या दिरांचं. पूर्वी एका पंपात सगळ्या वाटा व्हायच्या. आता निम्म्यातच पंप रिकामा, वर कडेची रोपं करपायला लागलेली. ह्यांनी लगेच शोध लावला: भावानं नोझलचं भोक मुद्दाम मोठं केलंय. म्हणजे औषध जास्त लागणार, म्हणजे बाटल्या जास्त येणार, म्हणजे दुकानदाराकडून ह्याला कमिशन! मी कपाळाला हात लावला.

मनातल्या मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण भर गिऱ्हाइकांसमोर बोलले, की चोर घरातच आहे. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी येऊन म्हणाले, दुसऱ्या रोपवाटिकेत काम बघितलंय, एक तारखेपासून तिकडे जातो. ह्या दोघांनी लहानपणापासून एका ताटात खाल्लंय.

"वहिनी, जायच्या आधी पंपाचं माप काढू," भाऊजी म्हणाले. "चोर म्हणून नाही जायचं मला."

सकाळी मोकळ्या जागेत दोरी लावून चौकोन आखला. पंपात खुणेपर्यंत साधं पाणी भरायचं, रोजच्या चालीनं चौकोन फवारायचा, मग पुन्हा खुणेपर्यंत यायला किती पाणी लागतं ते मोजायचं. ह्यांना भाऊजींच्या मगाचाही भरवसा नाही. स्वयंपाकघरातला मग आणायला लावला आणि ओतायला मला बसवलं.

भाऊजींनी फवारलं, एक मग लागला. ह्यांनी फवारलं, जवळजवळ दोन. "मध्येच नोझल फिरवलंस," हे म्हणाले. नोझल स्वतः तपासलं, दोरी ओढून बघितली, पुन्हा फवारायला लागले. ह्या वेळी मी पंपाकडे नाही, त्यांच्या पायांकडे बघत होते. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, मग दुसरा पाय मागून ओढत आणायचे. पंप मात्र सारखा चालू. एकेका जागेवर दुप्पट फवारा पडत होता. रोज सकाळी भिंतीला हात लावून चालतात ते मी बघत होते, वाटायचं झोपेत असतील. माझीच मला लाज वाटली.

"अहो, पाय दुखतोय ना?" मी विचारलं.

"कोण म्हणालं?" असं म्हणून त्यांनी भावाकडे बघितलं.

मग हे पंप ठेवून बांधावर बसले. म्हणाले, "पायाचं कळलं असतं तर तुम्ही दोघांनी मला बाजूला सारलं असतं."

म्हणजे एवढे महिने ही भीती उराशी धरून बसले होते, आणि आम्हा दोघांना कळलंय का ते पारखत होते. मला रागही आला आणि रडूही.

"थांबशील का?" ह्यांनी भावाला विचारलं. जन्मात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं असेल.

"तिकडे शब्द दिलाय, दादा," भाऊजी म्हणाले आणि पंप धुवायला घेऊन गेले. एक तारखेला गेले.

आता फवारणी मी करते. माझ्या चालीचं माप वेगळं काढलंय, औषध पुरतं. हे पुढच्या फाटकाशी खुर्ची टाकून, भाऊजी गेले त्या रस्त्याकडे तोंड करून बसतात. विचारलं तर म्हणतात, गिऱ्हाईक येतंय का बघतोय. गिऱ्हाईक सगळं मागच्या फाटकानं येतं.