तंबूतल्या झडतीचा पंचनामा

माझ्या नोकरीतली बाकी प्रकरणं धूसर झाली. पण आखाडा बाळापूरच्या तंबूतली झडती मला अजून अशी दिसते, जसा काही आत्ताच कनात बाजूला सारून बाहेर आलो. निजामाचं राज्य होतं. मी तिथल्या चौकीवर जमादार. शिक्षण दुसरीपर्यंत. पण कायदा मी ऐकून पाठ केला होता, आणि त्यात कोणी मला शिकवलेलं खपत नसे.

त्या हिवाळ्यात बाजाराच्या मैदानात फिरता सिनेमा आला. इंजिनाची धडधड सुरू झाली की सारं गाव सतरंजीवर येऊन बसायचं. तशी मजा पुढे पक्क्या थेटरात आली नाही. चित्र होतं एका लाचखाऊ गुप्त पोलिसाचं. मी ते चार वेळा पाहिलं, तिकीट काढून. हा गडी स्वतःच चोरी करवतो, स्वतःच माल हुडकतो आणि वर बक्षीस घेतो. मग त्याच्या हातून चुकून खून होतो, आणि तपासही त्याच्याकडेच येतो. पुढ्यात प्रेत असताना तो साक्षीदाराला चहा पाजतो. तिथं लोक खदखदा हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे. असं हसवणं सोपं काम नाही. गाणी फार होती, नायिका उगीच रडायची. पण त्या नटाचं ऐटीत चालणं, बोलण्याआधी मिशीवरून बोट फिरवणं, सगळं बराबर होतं. इतकं बराबर, की लोक पडद्याकडे कमी आणि पुढच्या खुर्चीकडे जास्त बघायला लागले. त्या खुर्चीवर चौकीचे मुख्य, आमचे अमीन साहेब बसत.

"साहेबावरच काढलंय जणू," मागून कोणीतरी बोललं. साहेब उठून गेले.

तंबू आला त्याच आठवड्यात एका जमीनदाराच्या घरून चांदीचे तोडे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले, "जमादार, पक्की खबर आहे. तोडे तंबूत आहेत."

"खबर कोणाची?"

"खबऱ्याचं नाव विचारतात काय? चला."

झडतीचा एक नियम आहे. आत शिरण्याआधी पोलिसांनी हात वर करून पंचांना स्वतःची झडती द्यायची. माल आम्हीच खिशातून आत नेला नाही, हे त्यांना दिसलं पाहिजे. मी दिली, दोन जवानांनी दिली. साहेबांपुढे मात्र पंच नुसते उभे राहिले. साहेबाच्या अंगाला हात कोण लावणार? मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. ती माझी चूक. साहेब आत शिरले आणि सिनेमाचं यंत्र चालवणाऱ्याच्या ट्रंकेतून तोडे काढून दाखवले.

त्या माणसाला चौकीत आणलं. मी विचारलं, "तोडे कोणी दिले?"

"माझ्या ट्रंकेला कुलूपच नाही, जमादार. मारायचं तर मारा. जे माहीत नाही ते कुठून सांगू?" मग हळू आवाजात म्हणाला, "बायकोचे दिवस भरत आलेत. मी आत गेलो तर तिला बघायला कोणी नाही."

पंचनामा आमचा मोहरीर, म्हणजे लेखनिक, उर्दूत लिही आणि मराठीत वाचून दाखवी. त्यानं सवयीनं वाचलं, "आत जाण्यापूर्वी सर्व पोलिसांनी पंचांना झडती दिली, काही मिळून आले नाही." पहिल्या पंचानं अंगठा दिला. दुसरा पंच कुरुंद्याचा म्हातारा शेतकरी, हळद घेऊन बाजाराला आलेला. त्यानं अंगठा शाईत बुडवला आणि तसाच वर धरून ठेवला.

"सर्व म्हंजी साहेब बी आले का त्यात?"

"आले."

"साहेबाची झडती आमी घेतली न्हाई. मंग हे काहून लिहून राहिले?"

"लिहायची पद्धत असते, बाबा."

"पद्धत तुमची. अंगठा माजा हाय."

साहेब म्हणाले, "म्हाताऱ्या, तुला घरी जायचं नाही का?"

"जायचं हाय की. खरं लिवा, म्हंजी लौकर जातो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द दरडावून बोललो असतो, तर म्हाताऱ्यानं अंगठा टेकवला असता आणि तो यंत्रवाला तुरुंगात गेला असता. मी म्हणालो, "मोहरीर, ती ओळ खोडा. लिहा, अमीन साहेबांनी झडती दिली नाही." मोहरिरानं ओळ खोडली, नवी लिहून वाचून दाखवली, आणि म्हाताऱ्यानं अंगठा टेकवला.

न्यायाधीशांनी साहेबांना पहिला प्रश्न त्याच ओळीवर विचारला. दुसऱ्या पेशीला, म्हणजे कोर्टाच्या दुसऱ्या तारखेला, यंत्रवाला सुटला. तोडे ट्रंकेत कसे गेले, ते कागदावर कधीच आलं नाही. साहेब पुढे वरच्या जागेवर गेले. माझी सेनगावला बदली झाली आणि बढती अडली ती अडलीच. चित्रातला गुप्त पोलीस शेवटी स्वतःच्याच बेड्यांत अडकतो. तो शेवट लिहिणाऱ्यानं चौकी आतून पाहिली नसावी.

मला वाटायचं, कायदा मला पाठ आहे. तो खरा कशासाठी आहे, हे त्या म्हाताऱ्यानं शिकवलं. त्यानंतर कोणाच्याही उंबऱ्यावर पंचांपुढे आधी मी हात वर केले, आणि सोबतच्या साहेबालाही करायला लावले. काही साहेब हसले, काही चिडले. पण हात सगळ्यांनी वर केले.